सीडीतली गाणी गाडीत: रिपिंग, टॅग आणि पेनड्राइव्हवरचा क्रम

समृद्धीने नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. मेळघाटात शिरलं की मोबाइलची रेंज गुल. अशा वाटांवर स्ट्रीमिंगपेक्षा पेनड्राइव्ह भरवशाचा. शिवाय कपाटातल्या सीडींमध्ये असंही बरंच काही असतं, जे ॲपवर शोधून मिळत नाही: खंजिरी भजनं, भीमगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांतली पदं, एखाद्या छोट्या कंपनीने एकदाच काढलेला गझलांचा संग्रह.

सीडी संगणकावर उतरवणं, म्हणजे रिपिंग, हा यातला सोपा भाग. अडतं ते गाडीत. दहावं गाणं पहिल्यानंतर लगेच वाजतं, पडद्यावर नावाऐवजी चौकोन दिसतात, एका सीडीचे बारा अल्बम होतात. स्टिरिओ बिघडलेला नसतो. त्याला फाइलींकडून जे हवं असतं ते मिळालेलं नसतं, एवढंच. म्हणून पहिल्यापासून दोन प्रती धरून चालावं. एक घरची: आवाजातलं काहीच न गमावणाऱ्या फ्लॅक स्वरूपात, पूर्ण माहितीसह, देवनागरीत. दुसरी गाडीची: एमपी३, छोटी नावं, रोमन लिपी, साधी मांडणी. घरची प्रत एकदाच नीट करायची. गाडीची प्रत तिच्यातून हवी तेव्हा काढायची, गाडी बदलली तर पुन्हा काढायची. दोन्हींचं काम एकाच प्रतीवर भागवायला गेलं की दोन्हीकडे तडजोड होते.

आधी गाडीची परीक्षा

दोनशे सीडी उतरवून झाल्यावर स्टिरिओ फ्लॅक वाचत नाही हे कळण्यापेक्षा आधी एक चाचणी पेनड्राइव्ह करा. त्यावर आठ-दहा फाइली पुरतात. एकच गाणं एमपी३, फ्लॅक आणि एम४ए अशा तीन स्वरूपांत ठेवा. टॅग म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली शीर्षक, कलाकार वगैरे माहिती. एमपी३ची एक प्रत देवनागरी टॅगची, एक रोमन टॅगची. आयडी३ ही एमपी३च्या टॅगची पद्धत, तिच्या २.३ आवृत्तीची एक प्रत, एक २.४ची. एका फाइलीत मुखपृष्ठाचं चित्र, एकीत नाही. प्रत्येक फाइलीच्या नावातच ती काय आहे ते लिहा, म्हणजे गाडीत बसून आठवत बसावं लागणार नाही.

मग पाहा: काय वाजतं, काय नुसतं दिसतं, पडद्यावर फाइलीचं नाव येतं की टॅगमधलं शीर्षक, आणि किती अक्षरांनंतर नाव तुटतं. जुन्या एक ओळीच्या स्टिरिओत पंधरा-सोळा अक्षरांतच नाव संपतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत एका फोल्डरमध्ये किती फाइली आणि एकूण किती फोल्डर चालतात ते दिलेलं असतं, तेही टिपून ठेवा. यूएसबीची दोन तोंडं असतील तर त्यातलं एक फक्त चार्जिंगचं असू शकतं, हेही याच वेळी कळतं.

सीडी पाहणं आणि पुसणं

आधी ढीग वेगळे करा. २००० नंतरच्या दशकात पन्नास-शंभर गाण्यांच्या एमपी३ सीडी भरपूर विकल्या गेल्या. त्या ऑडिओ सीडी नव्हेत, डेटा सीडी आहेत. त्यांच्यावरच्या फाइली सरळ कॉपी करायच्या. त्या १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट, म्हणजे बिटरेट) असतील तर ३२०मध्ये बदलून आवाज सुधारत नाही, फक्त फाइल फुगते. घरी राइट केलेल्या सीडी-आर सगळ्यांत आधी घ्या. त्यांचा रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने उतरतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या चकत्या आणखी लवकर जातात.

पुसताना मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यायचं, गोल फिरवायचं नाही. सीडीची दुरुस्ती-पद्धत ट्रॅकच्या दिशेने साधारण २.५ मिलिमीटरपर्यंतचा खंड पूर्ण भरून काढते. आडव्या ओरखड्याने प्रत्येक फेरीत थोडाच भाग जातो आणि तो भरून निघतो, पण गोल ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने लांब जातो आणि सलग माहिती खातो. डाग निघत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, त्यातल्या ॲसिटोनने पॉलिकार्बोनेट खराब होतं. छापील बाजूही जपा. चकाकता थर त्या बाजूच्या पातळ लॅकरखालीच असतो, त्यामुळे तिथला खोल ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वाईट. सीडी दिव्यासमोर धरून आरपार टिपके दिसले तर तेवढा भाग गेला असं समजा.

रिप करणं

नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह नसतोच. नागपुरात सीताबर्डीवर कुठल्याही संगणकाच्या दुकानात यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो, तो चालतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, आणि दोन्हींसह लिनक्सवरही चालणारं फ्रेॲक. तिन्ही मोफत आहेत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये सिक्युअर मोड ठेवा. शंका आली की हा मोड तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतो. ॲक्युरेटरिप चालू ठेवा, म्हणजे तुमचं रिप त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या रिपशी ताडलं जातं. मराठी सीडी त्या यादीत सापडली नाही तर घाबरू नका. त्याचा अर्थ रिप चुकलं असा होत नाही, ताडायला दुसरं कुणी नाही एवढाच होतो. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. दोन्ही वाचनांचे सीआरसी (पडताळणीचे) आकडे जुळले की काम चोख.

एका सीडीवर ट्रॅक सलग खरखरत असेल तर वाचनाचा वेग कमी करा. तरी जमत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा. ड्राइव्हा-ड्राइव्हात फरक असतो, एकावर अडलेली सीडी दुसऱ्यावर निमूट निघते.

घरची प्रत फ्लॅकमध्येच काढा. तासाभराच्या सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात, पण सीडीवरचा एक बिटही जात नाही, आणि त्यातून पुढे कुठलंही स्वरूप काढता येतं. प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. कायद्याचं म्हणाल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला सूट आहे. पेनड्राइव्ह भरून विकणं त्यात बसत नाही.

नावं: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

बहुतेक ऑडिओ सीडींवर गाण्यांची नावं नसतातच. सॉफ्टवेअर ट्रॅकची संख्या आणि प्रत्येकाची लांबी पाहून म्युझिकब्रेन्झसारख्या यादीत शोध घेतं. मराठी सीडी तिथे कमी, आणि ज्या असतात त्या कुणीतरी घाईत टाकलेल्या. कधी ‘ट्रॅक ०१’ एवढंच, कधी लांबी जुळली म्हणून भलतीच सीडी. म्युझिकब्रेन्झच्याच पिकार्ड या टॅग भरण्याच्या प्रोग्रामचं ‘स्कॅन’ आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतं, पण तेच गाणं चार संग्रहांत असेल तर तुमची एक सीडी चार अल्बमांत पांगवतं. म्हणून आपल्या सीडींसाठी आपोआप नाव बदलण्याची सोय बंद ठेवा आणि नावं वेष्टणावरच्या कागदावरून स्वतः घाला.

हे वाटतं तितकं कंटाळवाणं नाही. कागदाचा फोटो काढा, फोनमधल्या गूगल लेन्सने मजकूर उचला, साध्या टेक्स्ट फाइलीत एका ओळीवर एक गाणं असं ठेवा. श्र, ळ, अनुस्वार आणि रफार तपासा, तिथे हमखास चूक होते. मग एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या प्रोग्राममध्ये त्या सीडीच्या फाइली ट्रॅक क्रमाने निवडून ‘कन्व्हर्ट’ यादीतला टेक्स्ट फाइलमधून टॅग भरण्याचा पर्याय वापरा. ओळ आणि फाइल क्रमाने जुळतात, त्यामुळे मध्ये एक रिकामी ओळ राहिली तर पुढची सगळी नावं एकाने सरकतात. भरल्यावर शेवटचं गाणं वाजवून पाहा. तेवढी एक तपासणी पुरते.

आता रकाने. शीर्षक, कलाकार, अल्बम, ट्रॅक क्रमांक हे चार तर हवेतच. गाडीत सगळ्यांत जास्त घोळ होतो तो अल्बम आर्टिस्टच्या, म्हणजे अख्ख्या अल्बमच्या कलाकाराच्या, रिकाम्या रकान्यामुळे. भावगीतांच्या संग्रहात बारा गाणी आणि सात गायक असतील, तर तो रकाना नसताना कित्येक स्टिरिओ एकाच नावाचे सात अल्बम दाखवतात. अशा संग्रहात प्रत्येक गाण्याचा कलाकार वेगळा ठेवा, पण अल्बम आर्टिस्ट सगळीकडे ‘विविध’ असा एकच. कंपायलेशनची खूणही १ करा. दोन चकत्यांचा संच असेल तर डिस्क क्रमांक भरा. तो न वाचणाऱ्या स्टिरिओसाठी गाडीच्या प्रतीत अल्बमच्या नावापुढेच १ आणि २ लावा.

संगीतकार आणि गीतकार यांना घरच्या प्रतीत जागा द्या. मराठी गाणं शोधताना कवीचं नाव आधी आठवणारे पुष्कळ असतात. गाडीत मात्र कंपोझरचा रकाना फार तर एखाद्या मेनूत खोल दडलेला असतो, तिथे तो नसला तरी चालतो.

कलाकाराचं नाव एकाच रीतीने लिहा. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी हे स्टिरिओच्या लेखी तीन वेगळे गायक. पदव्या काढूनच टाका. आदर कमी होत नाही, यादी मात्र सुधारते. नाही तर अर्धे कलाकार ‘प’खाली आणि उरलेले ‘उ’खाली जमा होतात. हेच रागांचं. ‘राग यमन’, ‘राग भूप’ असं लिहिलं तर सगळं शास्त्रीय संगीत ‘र’खाली येतं आणि छोट्या पडद्यावर ‘राग’च वाचत बसावं लागतं. ओळखीचा शब्द पहिला: ‘यमन विलंबित’, ‘भूप द्रुत’.

जॉन्र हा रकाना फुकट घालवू नका. यादीतून आलेले ‘वर्ल्ड’, ‘इंडियन’, ‘अदर’ पुसून आपले प्रकार भरा: भावगीत, नाट्यगीत, अभंग, शास्त्रीय, गझल, लावणी, भीमगीत, खंजिरी भजन, बालगीत. आठ-दहाच्या वर जाऊ नका. गाडीत सगळे मिळून निघालेले असताना लोक अल्बम मागत नाहीत, ‘काहीतरी नाट्यगीतं लाव’ म्हणतात.

देवनागरी की रोमन

पडदा देवनागरी दाखवतो एवढ्याने भागत नाही. काही स्टिरिओंमध्ये अक्षरं असतात पण ती जोडण्याची सोय नसते. वेलांटी भलत्या जागी पडते, जोडाक्षरं हलन्तासह सुटी दिसतात. चाचणीत हे दिसलं तर गाडीच्या प्रतीत रोमनच बरी.

रोमन लिहायचं तर नियम आधी ठरवा. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, दीर्घ ‘ई’साठी दोनदा ई की एकदा आय, ‘आ’साठी एक ए की दोन. निर्णय कोणताही चालेल, पण एकच. उच्चारखुणा वापरू नका, जुन्या स्टिरिओत त्यांचीही प्रश्नचिन्हं होतात. सोपी युक्ती अशी की घरच्या फ्लॅक फाइलीतच एक जादा रकाना करून त्यात रोमन शीर्षक ठेवावं. गाडीची प्रत काढल्यावर एमपी३टॅगमधल्या टॅग-टॅग रूपांतराने तो मजकूर सगळ्या फाइलींच्या शीर्षकात एकदम आणता येतो. या लेखातली उदाहरणं देवनागरीत आहेत, फाइलींवर ती तुमच्या नियमाने रोमनमध्ये घ्या.

गाडीची प्रत काढणं

रूपांतर फूबार२००० किंवा फ्रेॲकने करा, एमपी३ बनवणारा लेम एन्कोडर, २५६ केबीपीएस, स्थिर बिटरेट. बदलत्या बिटरेटने जागा वाचते, पण काही जुने स्टिरिओ तिथे गाण्याची लांबी चुकीची दाखवतात आणि पुढे ढकलताना भरकटतात. चालत्या गाडीत टायरच्या आणि एसीच्या आवाजात २५६ आणि ३२० मधला फरक ऐकू येणं अवघड. या हिशेबाने तासाभराची सीडी साधारण ११५ एमबी होते, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर अडीचशेच्या आसपास सीडी मावतात.

टॅगची आवृत्ती आयडी३ २.३ ठेवा. एमपी३टॅगच्या टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, टॅग्जखाली एमपेग या पानावर ही निवड असते. २.४ नवी आहे, पण नवी म्हणून गाडीसाठी चांगली असं नाही. बरेच स्टिरिओ ती अर्धवट वाचतात किंवा वाचतच नाहीत. मुखपृष्ठ जेपीईजी, ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत आणि शक्यतो १०० केबीच्या आत. हे चित्र प्रोग्रेसिव्ह प्रकारचं नसावं. चित्र काही गाण्यांत दिसतं आणि काहींत नाही, याचं नेहमीचं कारण हेच.

ख्याल किंवा मैफलीच्या सीडीत विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतात, पण गाणं अखंड असतं. एमपी३ची प्रत्येक चौकट ११५२ नमुन्यांची. गाणं नेमकं तितक्याच्या पटीत संपत नाही, म्हणून एन्कोडर आधी-नंतर शांतता भरतो. स्टिरिओ ती वगळत नसेल तर विलंबिताहून द्रुतमध्ये जाताना मध्येच झटका बसतो. उपाय: गाडीच्या प्रतीपुरते ते ट्रॅक एकच फाइल करून टाका. फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये सगळे ट्रॅक एका फाइलीत विलीन करण्याची सोय आहे. घरी ते सुटेच राहू द्या.

आवाजाची पातळी हा पुढचा त्रास. जुन्या ध्वनिमुद्रणाची सीडी हळू, पुढच्या फोल्डरमधली नवी सीडी कानठळ्या बसवणारी. आवाजाची पातळी सांगणारा रिप्लेगेनचा टॅग बहुतेक गाड्या पाहतच नाहीत. एमपी३गेन हा प्रोग्राम मात्र फाइलीतल्या पातळीचा आकडाच बदलतं, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी. पुन्हा एन्कोड होत नाही आणि बदल परतही घेता येतो. मूळ लक्ष्य ८९ डेसिबलचं असतं. गाडीसाठी ९२ पर्यंत न्यायला हरकत नाही, पण क्लिपिंगच्या (आवाज फाटण्याच्या) रकान्यात खूण आली तर खाली या. शास्त्रीय आणि मैफलीला अल्बम गेन (सगळ्या अल्बमला एकच बदल), फुटकळ गाण्यांच्या फोल्डरला ट्रॅक गेन (प्रत्येक गाण्याला वेगळा). आलापाला ट्रॅक गेन लावून द्रुताइतका मोठा केला तर गायकाने राखलेला चढ-उतारच जातो.

फोल्डर आणि फाइलींची नावं

स्टीअरिंगवरचं फोल्डरचं बटण एकेक फोल्डर पुढे जातं. दोनशे फोल्डर म्हणजे दोनशे वेळा दाबणं. म्हणून एका पेनड्राइव्हवर तीस-चाळीस फोल्डर ठेवा, बाकी दुसऱ्यावर. बत्तीस जीबीत अडीचशे सीडी मावतात म्हणून त्या भरल्याच पाहिजेत असं नाही. पायऱ्या दोनच: वर प्रकार, आत अल्बम. जुन्या स्टिरिओत तर एकच पायरी ठेवून फोल्डरच्या नावात दोन्ही घाला: ‘०३ अभंग – मैफल १’.

फाइलीचं नाव: दोन अंकी क्रमांक, एक जागा, शीर्षक. क्रमांक ०१, ०२ असाच. नुसता १ लिहिला की अक्षरक्रमाने लावणारा स्टिरिओ १ नंतर १० वाजवतो. एमपी३टॅगच्या ऑटो-नंबरिंग विझार्डमध्ये पुढचं शून्य लावण्याचा पर्याय आहे. आधी तो चालवा, मग टॅगवरून फाइलीचं नाव तयार करा. कलाकाराचं नाव फाइलीत पुन्हा नको, पडद्यावरची मोजकी अक्षरं त्यातच संपतात. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तिरकी रेघ, तारा ही चिन्हं नावात येऊ देऊ नका.

पेनड्राइव्ह आणि क्रमाचं कोडं

पेनड्राइव्ह नवा घेतला की आधी एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने त्याची खरी क्षमता तपासा. स्वस्तात मिळालेला १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आतून ८ जीबीचा निघतो, आणि त्यापुढच्या फाइली दिसतात पण वाजत नाहीत. फॉरमॅट (पेनड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत) फॅट३२ ठेवा. जुने स्टिरिओ एक्सफॅट ओळखत नाहीत, एनटीएफएस तर त्याहून कमी. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय मिळत नाही, तिथे रूफस हा प्रोग्राम वापरा. मॅकवर फॉरमॅट करताना विभाजनाची पद्धत एमबीआर निवडा. जीयूआयडी ठेवली तर गाडी पेनड्राइव्ह लावलाय हेच मानत नाही.

आणि आता तो जुना प्रश्न: नावं बरोबर, क्रमांक बरोबर, तरी गाणी उलटसुलट का? पुष्कळ स्टिरिओ नाव पाहतच नाहीत. फॅटच्या सूचीत नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने वाजवतात. संगणक दाखवताना नावानुसार लावून दाखवतो, म्हणून घरी सगळं ठीक दिसतं. त्यात एखादी फाइल पुसून नवी टाकली की ती पुसलेल्या नोंदीच्या रिकाम्या जागी जाऊन बसते, आणि शेवटी टाकलेलं गाणं तिसरं वाजतं.

उपाय दोन. विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट किंवा लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवून सूचीच नावाप्रमाणे लावून घ्या. नाही तर पेनड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करून सगळं एका दमात पुन्हा कॉपी करा, आणि त्यासाठी विंडोजमधली रोबोकॉपीची साधी आज्ञा वापरा. ती एकामागून एक फाइली लिहिते. अनेक फाइली एकाच वेळी पाठवण्याचा पर्याय मात्र लावू नका. नवी सीडी वाढवायची झाली तरी हेच: वरून चिकटवू नका, घरची प्रत नीट करा आणि पेनड्राइव्ह नव्याने भरा.

मॅकवरून कॉपी केली असेल तर प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेखाने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल जाते. गाडी तिला गाणं समजते, वाजवू पाहते आणि ‘फाइल वाचता येत नाही’ म्हणून पुढे जाते. टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन आज्ञा अशा फाइली पुसण्याच्या पर्यायासह चालवली की त्या जातात.

अँड्रॉइड ऑटो (फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) असलेल्या गाडीत यातलं बरंच टळतं. गाणी फोनमध्ये, व्हीएलसीसारखा प्लेअर, फ्लॅकही चालतं आणि देवनागरीही नीट दिसते. अल्बम आर्टिस्टचा घोळ मात्र तिथेही तसाच होतो, म्हणून टॅगची मेहनत वाया जात नाही.

उन्हाळ्यातली सोय

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो, आणि काचा लावून उन्हात उभ्या गाडीतलं तापमान त्याहून कितीतरी वर चढतं. बऱ्याच पेनड्राइव्हची काम करण्याची मर्यादा ६० अंशांपर्यंतच दिलेली असते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी गाडीत बसल्या-बसल्या पेनड्राइव्ह लावू नका, एसीने आतली हवा निवळू द्या. उतरताना तो काढून सोबत घ्या. डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका. धातूच्या अंगाचे छोटे पेनड्राइव्ह वाजतानाही चांगलेच तापतात, उन्हाळ्यापुरता प्लास्टिकचा मोठा बरा. दोन-तीन पेनड्राइव्ह असतील तर न पुसणाऱ्या मार्करने त्यावर प्रकाराचं पहिलं अक्षर लिहा. कागदी चिकटपट्टीचा गोंद उन्हात वितळून यूएसबीच्या तोंडात उतरतो.